हमालांची कंबरदुखी: केवळ पोत्याच्या वजनाकडे पाहण्याची चूक टाळा

मार्केट यार्डात एखाद्या हमालाची कंबर धरली की पोत्याचे वजन विचारले जाते आणि ते 50 किलोच असल्याचे कळले की विषय तिथेच मिटतो. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेच्या, ओझे उचलण्याविषयीच्या 1991 च्या सूत्रात, ओझे अंगाजवळ असताना आणि अंग न पिळता उचलतानाही, जास्तीत जास्त 23 किलो धरले आहेत. अंतर, वाकणे, वळणे आणि खेपा वाढल्या की हा आकडा आणखी खाली येतो.

खेपांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. 20 टनांचा ट्रक म्हणजे 50 किलोची 400 पोती. चार जणांच्या टोळीत प्रत्येकाच्या वाट्याला 100, म्हणजे 5 टन. मजुरी पोत्यामागे मिळत असल्याने दम खायला थांबणे म्हणजे पैसे सोडणे ठरते, आणि थकलेले स्नायू मणक्याला सावरू शकत नाहीत.

थप्पीजवळ थोडा वेळ उभे राहून पाहा. पायाशी असलेले पोते कानांना धरून ओढले जाते आणि पाय जागचे न हलवता, कमरेतूनच वळून साथीदाराच्या पाठीवर दिले जाते. वाकणे आणि पिळणे एकाच वेळी घडल्यामुळे मणक्यांमधील चकत्यांवर मोठा ताण येतो. म्हणून आधी पाय वळवावेत, पोते दोघांनी उचलावे, खालचा थर लाकडी चौथऱ्यावर ठेवावा आणि थप्पी खांद्यापेक्षा उंच नेऊ नये. हातगाडी किंवा सरकता पट्टा देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ‘तुला नीट उचलता येत नाही’ असे हमालालाच सुनावणे मला अन्यायाचे वाटते.

कमरेचा पट्टा बांधला म्हणून जास्त ओझे घेऊ नये. इजा टाळण्यासाठी नायॉशनेही त्याची शिफारस केलेली नाही. वेदनाशामक गोळी घेऊन रोज कामावर जाणे तर दुखणे वाढवणारेच आहे. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे. जांघेभोवती बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.