थकवा हटत नाही? गोळ्यांआधी हे करा

‘अ‍ॅड्रिनल थकलंय’, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी दमल्यात, असं सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेऊ नका. असं निदान वैद्यकशास्त्रात मान्य नाही, आणि अशा काही गोळ्यांत लेबलवर न छापलेलं स्टेरॉइड सापडलं आहे. थकवा दोन-तीन आठवडे टिकला, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर तपासून घ्या.

अधिवृक्क ग्रंथीचा खरा आजार वेगळा दिसतो: वजन घटतं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात, खारट खावंसं वाटतं, उठताना चक्कर येते. तेव्हा सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल (या ग्रंथीचं संप्रेरक) तपासतात. रात्रपाळी असेल तर झोपेची वेळ डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर आकडा चुकीचा वाचला जातो. दम्याच्या किंवा सांध्यांच्या स्टेरॉइड गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल लगेच सुरू होत नाही. अशात उलट्या आणि ग्लानी आली तर थेट रुग्णालय गाठा.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या रात्रपाळीवाल्यांनी शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी घ्यावा, खिडकीला जाड पडदा लावावा. दिवसपाळी असेल तर रोज एकाच वेळी उठा आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चाला, दम लागेल इतकं नको.