मींड भलतीकडे जाते? एमपीई कंट्रोलरवरच्या या चुका टाळा

लिनस्ट्रुमेंट किंवा सीबोर्डसारखा एमपीई कंट्रोलर, म्हणजे प्रत्येक बोटाचा सूर वेगवेगळा वाकवता येणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, हाती आला की आपल्याकडच्या माणसाला पहिला मोह होतो तो मींडेचा. सा धरायचा आणि बोट सरकवत पंचमापर्यंत न्यायचं. पहिल्याच दिवशी दोनपैकी एक गोष्ट होते. बोट सरकतं पण सूर जागचा हलत नाही, नाहीतर सूर एकदम दोन सप्तकं वर उडतो. मग वाद्यच खराब निघालं म्हणून माणूस हिरमुसतो.

वाद्य बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चुकलेला असतो तो पिच बेंड रेंजचा, म्हणजे सूर जास्तीत जास्त किती वाकेल त्या मर्यादेचा आकडा. एमपीईमध्ये प्रत्येक सुराला संदेशाचा स्वतंत्र मार्ग, म्हणजे चॅनल मिळतं. त्याची ठरलेली रेंज ४८ सेमिटोन (सप्तकातल्या बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांतलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) आहे, पण कित्येक सिंथ, म्हणजे प्रत्यक्ष आवाज तयार करणारी यंत्रं किंवा सॉफ्टवेअर, अजून २ वरच उघडतात. सा ते प म्हणजे ७ सेमिटोन. कंट्रोलर ४८ वर आणि सिंथ २ वर असेल, तर तेवढं बोट सरकवूनही सूर सेमिटोनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा चढत नाही. उलट कंट्रोलर २ वर आणि सिंथ ४८ वर असेल, तर एका सेमिटोनच्या सरकण्याला २४ सेमिटोन मिळतात. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा, ट्यूनर लावा आणि सा ते तार सा एकदा सरकवून बघा. हे साउंडचेकच्या आधी, घरीच.

एका बोटाने मींड घेतली आणि सगळा कॉर्डच घसरला, तर प्लगइनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सिंथमध्ये, एमपीई चालू केलेलं नाही. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०२१ साली, ११ व्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीत एका ट्रॅकवर सगळी चॅनलं एकत्र होतात, तिथे कितीही खटपट केली तरी व्यर्थ. सोडलेल्या सुराची शेपटी नव्या मींडेबरोबर वाकत असेल, तर चॅनलं कमी दिली आहेत. २ ते १६ अशी पंधराही देऊन टाका, कंजुषी कशाला?

लिनस्ट्रुमेंटमधला ‘क्वांटाइझ होल्ड’ मात्र जपून. बोट थांबलं की तो सूर जवळच्या सेमिटोनवर ओढून आणतो. पाश्चात्त्य धून वाजवताना मोठा आधार, पण दरबारीचा गंधार जरा खाली धरून आंदोलन द्यायला जाल तर सूर हट्टाने वर सरकतो. रियाज कमी पडला असं वाटून मी त्यावर बरेच दिवस घालवले. रागदारीसाठी तो बंदच ठेवा.

हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या सेन्सरचं गणित वेगळं. ॲक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षण मोजत असतो. त्यामुळे तो कल छान पकडतो, पण हात आडवा, सावकाश फिरवला तर त्याला जवळपास काहीच कळत नाही. जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, हळूहळू भरकटतो, म्हणून दोन रचनांच्या मधे शून्यावर आणायला एक पेडल राखून ठेवा. थरथर घालवायला स्मूदिंग, म्हणजे सेन्सरचे आकडे गुळगुळीत करणं, वाढवलं की आवाज हाताच्या मागे पडतो. फिल्टर उघडून आवाज हळूहळू उजळवण्यासाठी ते चालून जातं, तालाच्या ठोक्यासाठी अजिबात नाही.

लीप मोशन हा हात पाहणारा कॅमेरा-सेन्सर इन्फ्रारेडवर हात ओळखतो. घरी उत्तम चालणारा सेटअप हॅलोजनच्या झोतात आंधळा होतो. त्यामुळे लाइटवाल्याला आधीच गाठा आणि आपल्या टेबलावरचा झोत बाजूला घ्यायला सांगा.