फोरे ऐकायचा कसा? आधी खालचा सूर धरा

फ्रेंच क्लासिकल म्हटलं की बहुतेक जण डेब्युसीकडे जातात नाहीतर रावेलच्या बोलेरोकडे, आणि गॅब्रिएल फोरे राहूनच जातो, खरंतर रावेल त्याचाच विद्यार्थी. माझा सगळ्यात लाडका संगीतकार हाच, म्हणून कुणी विचारलं की कुठून सुरू करू, तर मी जे सांगते तेच इथे नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण फोरेचं अर्धं काम खालच्या सुरांत चालतं आणि फोनच्या स्पीकरवर ते येतच नाही, मग वरची धून तेवढी गोड वाटते आणि माणूस म्हणतो छान आहे पण सगळं सारखंच आहे. साधा हेडफोन लावा, पुरतो.

पहिल्या दिवशी एकच तुकडा, 'आप्रे अन रेव्ह', म्हणजे स्वप्नानंतर. मूळ गाणं आहे पण चेलोवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवलेलं आधी ऐका, जेमतेम तीन मिनिटांचं आहे, एका संध्याकाळी तीनदा होतं. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा चेलो सोडून पियानोचा डावा हात, म्हणजे खालचे सूर, तेवढा धरून ठेवा, आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. धून तीच पण खाली जमीन सरकते आणि तोच सूर अचानक वेगळाच वाटतो, हे एकदा कळलं ना की मग फोरे सुटत नाही.

आपल्यापैकी ज्यांचा कान रागसंगीतावर तयार झालाय त्यांची इथे एक अडचण होते, मलाही झाली होती. आपण नकळत सा शोधत बसतो. तानपुरा नाही, आणि फोरे दोन ओळींत सा कुठल्या कुठे नेऊन ठेवतो, आपण म्हणतो हा भरकटला की काय, आणि तेवढ्यात तो एवढ्या सहज घरी परत येतो की दार कधी उघडलं तेच कळत नाही. तेव्हा सा पकडून ठेवायचा हट्ट सोडा आणि सगळ्यात खालचा सूर कुठे चाललाय त्याच्या मागे जा.

पण एक ओळखीची खूणही आहे. 'लिडिया' नावाचं त्याचं सुरुवातीच्या काळातलं गाणं ऐका, पहिल्याच ओळीत तीव्र मध्यम लागतो! लिडियन नावाचा जुना पाश्चात्त्य मोड, म्हणजे स्वरांचा ठरावीक संच, आहे, त्याचे स्वर म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच, आणि मुलीचं नाव लिडिया म्हणून त्याने तो मध्यम तिथे ठेवलाय. राग नाही हां, यमन शोधू नका, पण कानाला पटकन ओळख पटते. हे त्याच्याकडे आलं शाळेतून, 9 वर्षांचा असताना तो पॅरिसला नीडरमायरच्या शाळेत गेला, तिथे चर्चसंगीत शिकवायचे, जुने मोड मुलांच्या अंगात मुरायचे, आणि सें-साँससारखा शिक्षक मिळाला.

मग दुसऱ्या आठवड्यात 'पवान', ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) 50. खाली तंतुवाद्यं बोटांनी छेडलेली आणि वर बासरी, लगेच आवडतं. फोरेने स्वतः पियानो रोलवर, म्हणजे वादन टिपून ठेवणाऱ्या छिद्रांच्या कागदी पट्टीवर, हे वाजवून ठेवलंय, तेही ऐका, आजकाल जेवढं संथ करून वाजवतात तेवढं ते नाहीच, त्याला चाल आहे. चार हातांनी पियानोवर वाजवायचा 'डॉली' हा संचही याच आठवड्यात बसतो, घरात लहान मूल असेल तर आधी तोच.

आता रेक्विएम. याला वेळ द्या, साधारण 35 मिनिटं, दिवे कमी करून, मध्ये पॉज न करता. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, आणि इतर संगीतकारांनी त्यात कयामतीच्या दिवसाचा मोठा गडगडाट केलाय, फोरेने तो भाग सरळ वगळला, त्यातली शेवटची ओळ तेवढी घेतली, 'पिए येझू', एकटा उंच आवाज आणि जवळजवळ काहीच साथ नाही. फोरेचे वडील 1885 मध्ये गेले, आई 1887 च्या शेवटच्या दिवशी, आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हे पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा पाचच भाग होते, दोन नंतर आले. शोधताना 1893 ची आवृत्ती मिळते का बघा, तीत व्हायोलिनचा ताफा नाही, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खालच्या सुराचं) आणि चेलो आहेत त्यामुळे रंग गडद होतो, आणि मग 'सांक्तुस'मध्ये एकटं व्हायोलिन वर उठतं तेव्हा अंगावर काटा येतो. मोठ्या ऑर्केस्ट्राची नंतरची आवृत्ती वाईट नाही, पण मला ही छोटीच जवळची वाटते. शेवटचा 'इन पाराडिसुम' संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका, प्लीज.

त्याने पियानोसाठी 13 नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाच्या रचना, लिहिलेत, त्यातलं सहावं घ्या आणि महिनाभर त्याच्याबरोबर राहा. एका बैठकीत तेराच्या तेरा ऐकायचा नाद करू नका, सगळी एकमेकांत मिसळतात. नोटेशन वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, समोर ठेवून डावा हात बघत ऐका.

शेवटच्या काळातलं काम मात्र शेवटीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याला नीट ऐकू येईना, नुसतं कमी नाही तर खालचे सूर चढे आणि वरचे सूर उतरलेले ऐकू यायचे, म्हणजे स्वतःचंच संगीत बेसूर. त्याच अवस्थेत तो 1920 पर्यंत पॅरिस कॉन्झर्व्हातोआर या संगीतशाळेचा डायरेक्टर होता, आणि त्यानंतर त्याने व्हायोलिन, चेलो आणि पियानोचा पियानो ट्रिओ लिहिला, ओपस 120. सुरुवात त्याच्या मधल्या भागापासून करा, त्याने तोच आधी लिहायला घेतला होता. व्हायोलिन बोलतं, चेलो उत्तर देतो, आणि पुढे दोघं मिळून एकच धून गातात, पियानो खाली हळूहळू पायऱ्या बदलत राहतो. स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो), ओपस 121, त्याने सप्टेंबर 1924 मध्ये पूर्ण केलं आणि 4 नोव्हेंबरला तो गेला, 79 वर्षांचा. ते पहिल्यांदा कोरडं वाटेल, मला दोन वर्षं वाटलं. ट्रिओ पाठ झाल्यावर लावा, आणि तेव्हाही आधी चेलो धरा.