मोबाइल नेटवर्क स्वतःच सेट होतं, मग आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ सिग्नलच्या कामात, येऊन करायचं काय?

गोव्यातल्या फर्मागुढी, फातोर्डा, वेर्णा इथल्या कॉलेजांतून ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) करून निघालेली पोरं मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय. सेल्फ ऑर्गनायझिंग नेटवर्क, आमच्यात सगळे सॉन म्हणतात, हे थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज 8 पासून एलटीईसोबतच, म्हणजे फोरजीसोबत, आलं. आता नवी साइट, म्हणजे मोबाइल टॉवर, उभी राहिली की पॉवर आणि फायबर जोडायचं, मग ती डीएचसीपीने आपोआप आयपी पत्ता घेते, सर्व्हरवरून स्वतःचं सॉफ्टवेअर आणि कॉन्फिगरेशन उतरवते, कोअरला, म्हणजे मधल्या मुख्य नेटवर्कला, जोडली जाते. पूर्वी यासाठी माणूस लॅपटॉप घेऊन साइटवर बसायचा.

पण खरी मजा एएनआरमध्ये, म्हणजे शेजारचे सेल आपोआप ओळखून जोडण्यात, आहे, ते नीट शिका. पूर्वी नेबर लिस्ट, म्हणजे शेजारच्या सेलची (एकेका अँटेनाच्या टापूची) यादी, एक्सेलमध्ये हाताने बनायची. आता फोनला अनोळखी पीसीआय, म्हणजे सेलचा छोटा ओळख क्रमांक, दिसला की तो आपल्या सेलला कळवतो, सेल त्यालाच सांगतो त्या सेलची पूर्ण ओळख वाचून आण, आणि मग नेबर आपोआप जोडला जातो. एलटीईत पीसीआय फक्त 504, फाइव्हजीत 1008, म्हणजे तेच आकडे परत परत वापरावे लागतात आणि दोन नेबरना एकच पीसीआय पडला तर हँडओव्हर, म्हणजे चालू कॉल दुसऱ्या सेलकडे सोपवणं, भलतीकडे जातो.

आता मांडवी नदीचं बघा. पाण्यावरून सिग्नल लांब जातो, पणजीत उभ्या माणसाच्या फोनला बेती-पर्वरीकडचा सेल चांगला दिसू शकतो. एएनआर इमानदारीने त्याला नेबर करून टाकतं, कॉल काही ड्रॉप होत नाही, रिपोर्ट हिरवा. पण तो सेल तिथे पोचायलाच नको होता, अँटेनाचा टिल्ट, म्हणजे झुकाव, खाली घ्यायला हवा, आणि हे मॅप उघडून बघणारा इंजिनिअरच सांगणार. माझ्या मते तुमची नोकरी इथे आहे.

ऑपरेटरचे पैसे वाचतात ते साइट व्हिजिट, सिग्नल मोजत फिरणाऱ्या ड्राइव्ह टेस्टच्या गाड्या आणि विजेवर. रिलीज 10 च्या एमडीटीत, म्हणजे ड्राइव्ह टेस्ट कमी करायच्या सोयीत, गिऱ्हाइकांचे फोनच, त्यांच्या संमतीने, मोजमाप पाठवतात त्यामुळे गाडी कमी फिरवावी लागते. ऐन पावसात रात्री बागा-कळंगुटचे जादा कॅरिअर, म्हणजे गर्दीसाठीच्या जास्तीच्या फ्रिक्वेन्सी, झोपवता येतात, पण 31 डिसेंबरच्या रात्री तेच सेटिंग चालू राहिलं तर वाट लागेल, मर्यादा तुम्हीच घालायच्या. गर्दीत लोड बॅलन्सिंग हँडओव्हरचा ऑफसेट, म्हणजे सेल कधी बदलायचा ती मर्यादा, हलवून युजर शेजारच्या सेलवर ढकलतं आणि एमआरओ हे दुसरं सॉन फंक्शन हँडओव्हर सुधारायला तोच ऑफसेट उलटा ओढू शकतं, मग फोन दोन सेलमध्ये ये-जा करत बसतो. दोघांमध्ये प्राधान्य ठरवून द्यावं लागतं.

सेल्फ हीलिंगचं ऐकून फार भारावू नका. सत्तरी तालुक्यात झाड पडून लाइन गेली तर शेजारचा सेल टिल्ट बदलून थोडं कव्हर करेल, मध्ये डोंगर असेल तर तेही नाही, टेक्निशियनला जावंच लागतं.

सुरुवातीला ए3 इव्हेंट (शेजारचा सेल आपल्यापेक्षा ठरावीक प्रमाणात चांगला झाल्याची फोनची सूचना), टिल्ट, पीसीआय प्लॅनिंग कागदावर करून बघा, सोबत एसक्यूएल आणि थोडं पायथन. थ्रीजीपीपीचं 36.300 हे डॉक्युमेंट फुकट मिळतं, त्यातलं 22 वं प्रकरण वाचाच, भाषा रुक्ष आहे पण सगळं तिथेच आहे. आणि इंटरव्ह्यूआधी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: एएनआरने नेबर जोडला पण एक्स2 लिंक, म्हणजे दोन साइटमधला थेट दुवा, उभीच राहिली नाही, तर हँडओव्हर होईल का? होईल, एस1 वरून, म्हणजे साइट आणि कोअरमधल्या दुव्यावरून, कोअरमार्फत, फक्त थोडा हळू.