गोव्यातल्या छोट्या धंद्यात एआय आणायचाय? आधी डोक्यातलं कागदावर काढा

होमस्टे असो, काजू-मसाल्याचं दुकान असो, भाड्याच्या स्कूटर असोत नाहीतर घरून चालणारं केटरिंग, सगळ्यांना आता कोणी ना कोणी सांगत असतंच की एआय घ्या, बॉट (मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) लावा, महिन्याला इतके भरा. माझं म्हणणं एवढंच की टूल सगळ्यात शेवटी घ्यायचं. तुमच्या धंद्याची खरी माहिती, म्हणजे रेट, वेळा, कुणाला सूट द्यायची कुणाला नाही, हे सगळं तुमच्या नाहीतर आईच्या डोक्यात असतं, आणि ते कागदावर आल्याशिवाय कुठलंही टूल तुमच्या काही उपयोगाचं नाही. जून ते सप्टेंबर हात थोडे मोकळे असतात, तेव्हाच हे करून टाका, डिसेंबरात डोकं खाजवायलाही वेळ नसतो.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून. मागच्या सीझनचे मेसेज उघडा आणि परत परत आलेले प्रश्न वहीत काढा. रूम आहे का, बीच किती लांब, चेक-इन कधी, पार्किंग आहे का, असे दहा-पंधरा प्रश्नच सारखे फिरताना दिसतील. दुकानात पर्यटक हमखास विचारतात की हा काजू महाग आणि तो स्वस्त का. त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवा, की डब्ल्यू १८० ही काजूची प्रत, म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त १८० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३२०, म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. सालीसकट भाजलेला काजू वेगळा, त्याची ओळ वेगळी लिहा.

रेट लिहिताना एक आकडा टाकून मोकळं होऊ नका, गोव्यात ते चालतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वेगळा, नाताळ ते न्यू इयरचा वेगळा, कार्निव्हलच्या शनिवार-रविवारचा वेगळा, पावसाळ्यातला वेगळा, सगळं तारखांसकट लिहा. आणि जे नाही तेही लिहा! नाश्ता देत नाही, खोलीतून समुद्र दिसत नाही, रात्री ११ नंतर मोठ्याने गाणी नाहीत. ही यादी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या चॅटबॉटला जे सांगितलेलं नसतं ते तो कधीकधी मनानेच भरून देतो, आणि मग सी व्ह्यू आणि फ्री ब्रेकफास्ट वाचून आलेला पाहुणा दारात उभा राहून भांडतो, तेव्हा त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. तसंच दूधसागर धबधब्याचं, पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात हे तुम्हाला माहीत असतं, पण ते कागदावर नसेल तर मशीन जुलैतही खुशाल ट्रिप सुचवेल.

कागद झाला की चॅटबॉटमध्ये तो पूर्ण पेस्ट करा आणि वर असं लिहा: "खाली माझ्या होमस्टेची माहिती आहे. गिऱ्हाइकाच्या मेसेजला फक्त यातूनच चार ओळींत उत्तर दे. माहितीत नसेल तर विचारून कळवतो असं लिही. रेट बदलू नकोस, सूट देऊ नकोस." मग जुने खरे मेसेज, नाव-नंबर काढून, एकेक टाकून बघा. जिथे उत्तर चुकतं तिथे बहुतेक वेळा कागदावरच काहीतरी राहिलेलं असतं, ते भरा आणि परत विचारा. मोरजी-हरमलकडे रशियन पाहुणे असतात, त्यांचे मेसेज समजून घ्यायला आणि उत्तर द्यायला हे फार कामाचं आहे, फक्त पाठवायच्या आधी ते उत्तर परत मराठीत करून वाचा, तारीख आणि पैसे बरोबर आहेत ना ते बघा. कोंकणीत आलेल्या मेसेजला मात्र स्वतःच लिहा, गावच्या माणसाला मशीनची कोंकणी लगेच कळते.

आता ऑटोमेशन. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप फुकट आहे आणि छोट्या धंद्याला खूप दिवस तेवढं पुरतं. क्विक रिप्लायमध्ये तुमच्या कागदावरची उत्तरं भरा, तिरपी रेघ टाइप केली की यादी येते. ग्रीटिंग मेसेज नवीन माणसाला, किंवा १४ दिवस बोलणं नसलेल्याला आपोआप जातो, अवे मेसेज दुकान बंद असताना. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना, एका लिस्टमध्ये २५६ जणांना जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा.

घरगुती ऑर्डरवाल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा गूगल फॉर्मचा आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या म्हणजे करंज्या आणि मोदकांच्या ऑर्डरी कशा येतात ते बघा ना, अर्ध्या व्हॉट्सअ‍ॅपवर, काही फोनवर, काही देवळात भेटल्यावर तोंडी, आणि आदल्या रात्री कुणाच्या पन्नास आणि कुणाच्या शंभर यावर घरात वाद. फॉर्ममध्ये नाव, नग, तारीख, किती वाजता नेणार एवढंच ठेवा, फॉर्म एकदा गूगल शीटला जोडला की भरलेलं सगळं आपोआप तिथे जमा होतं आणि एकूण नग किती ते एका फॉर्म्युल्यात दिसतं. म्हातारी माणसं फॉर्म भरणार नाहीत, त्यांना भरायला लावूही नका, त्यांचा फोन चालू असतानाच तुम्ही त्यांच्या नावाने भरा. सगळ्या ऑर्डरी एकाच ठिकाणी येणं हेच खरं काम, बाकी नंतर. तुमच्या हाताला झेपतील तेवढे नग झाले की फॉर्म बंद करा.

हिशोबात एआयला वर्गवारी करू द्या, खर्चाची यादी लावू द्या, पण टॅक्सचं त्याच्यावर सोडू नका. उदाहरणच बघा, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, इनपुट क्रेडिट न घेता, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वजा न करता. जुन्या माहितीवर शिकलेला बॉट १२ सांगू शकतो आणि तेही एकदम ठामपणे. दर सीएकडून घ्या आणि तो आकडा कागदावर तारखेसकट टाका.

पाहुण्यांचे पासपोर्ट, आधारचे फोटो चॅटबॉटमध्ये अजिबात टाकू नका, फॉर्म पटकन भरून देतो म्हणाला तरी. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत सरकारी पोर्टलवर माहिती द्यायची असते, ती हाताने भरा. लोक विश्वासाने कागद देतात आपल्याकडे.

एवढं सगळं एक सीझन चाललं आणि तरी मेसेज आवरत नसतील तरच पैसे भरून बॉट घ्या. विकायला आलेल्या माणसाला तीन गोष्टी विचारा: बॉटला उत्तर येत नसेल तेव्हा मेसेज कुणाच्या फोनवर येतो, सोडायचं ठरवलं तर गिऱ्हाइकांची यादी आपल्याला परत कशी मिळते, आणि पावसाळ्याचे चार महिने प्लॅन थांबवता येतो का. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.