योकिच बाकावर गेला की खरी परीक्षा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सनं 2025 मध्ये मायकल पोर्टर ज्युनियर देऊन कॅम जॉन्सन घेतला, ब्रूस ब्राउनला परत आणलं, शिवाय टिम हार्डवे ज्युनियर आणि वालान्चुनास. या नव्या खेळाडूंना जोखायचं तर गुण मोजत बसू नका. संघाचा सर्वात मोठा तारा योकिच बहुतेकदा पहिला क्वार्टर (सामन्याचा चौथा हिस्सा) पूर्ण खेळून बसतो. दुसऱ्याच्या सुरुवातीला मी चहासुद्धा बाजूला ठेवतो: तो नसताना आघाडी टिकते की वितळते?

मग जॉन्सन. तो कोपऱ्यात उभा असताना त्याचा बचावपटू आत सरकतो की त्याला चिकटून राहतो, ते बघा. चिकटला तर नगेट्सचा गार्ड मरे याला आत घुसायला वाट मोकळी. जॉन्सननं बॉलला हात न लावता काम केलं. एका सामन्याच्या प्लस-मायनसवर (खेळाडू मैदानात असताना संघानं केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक) मात्र नाचू नका, दहा-बारा जाऊ द्या. अटीतटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षक ॲडलमन कुणाला ठेवतात, ते टिपून ठेवा. समालोचकाचं सोडा हो.