औषधांचा खर्च: चिठ्ठीपासून बिलापर्यंत काय पाहावे

रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडचे औषध कायमचे सुरू झाले की घरात चर्चा रंगते ती कोणते मेडिकल किती टक्के सवलत देते याची. प्रत्यक्षात खर्चाचा मोठा भाग दुकानात जाण्यापूर्वी, चिठ्ठी लिहिली जाते तेव्हाच ठरलेला असतो. औषध नियम, १९४५ प्रमाणे 'एच' अनुसूचीतील, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकता येणाऱ्या, औषधाच्या चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असेल, तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीची गोळी फार्मासिस्टला परस्पर देता येत नाही. म्हणून स्वस्त पर्यायाची विचारणा डॉक्टरांकडेच करावी. 'औषध जेनेरिक नावाने, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने, लिहून द्याल का?' असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यवसायविषयक नियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशीच अपेक्षा आहे. त्याच वेळी जुन्या सगळ्या गोळ्या समोर ठेवून यांतील कोणत्या आता बंद करता येतील, हेही विचारावे. दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे उपचार सुरू असलेल्या ज्येष्ठांच्या डब्यात एकच घटक दोन नावांनी सापडणे अशक्य नसते.

यानंतर गोळ्यांची पट्टी वाचायला शिकावे. ठळक छापलेले व्यापारी नाव बाजूला ठेवून घटकाचे नाव, त्याचे मिलिग्रॅममधील प्रमाण आणि पुढची 'एसआर', 'एक्सआर' यांसारखी अक्षरे वहीत उतरवावीत. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर या गोळ्या एकमेकींच्या जागी घेता येत नाहीत, कारण दुसरीतून औषध सावकाश सुटते. मग छापील किमतीला गोळ्यांच्या संख्येने भागावे. समजा, एक पट्टी १२० रुपयांची आणि दुसरी ९५ रुपयांची आहे. दुसरी स्वस्त वाटते. पण पहिलीत १५ गोळ्या असतील आणि दुसरीत १०, तर पहिलीची गोळी ८ रुपयांना आणि दुसरीची साडेनऊ रुपयांना पडते. सवलतीची पाटीही याच हिशेबाने तपासावी. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमतच भरमसाट असते, त्यामुळे 'निम्म्या दरात' मिळालेली गोळी दुसऱ्या कंपनीच्या पूर्ण किमतीच्या गोळीपेक्षाही महाग ठरू शकते.

किमतींवर सरकारी नियंत्रण आहे, पण ते सर्व औषधांवर सारखे नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत, म्हणजे २०२२ च्या यादीतील ३८४ औषधांत, जी मोडतात त्यांची कमाल किंमत औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ खाली राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवते. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनीला बारा महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही; मात्र औषध बाजारात आणतानाची किंमत बहुधा कंपनीच ठरवते. यातली मेख संयुक्त गोळ्यांत आहे. दोन घटक स्वतंत्रपणे यादीत असले, तरी त्यांची एकत्रित गोळी यादीत असेलच असे नाही. अशा वेळी दोन सुट्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारून हिशेब करून पाहावा. कधी संयुक्त गोळीच स्वस्त निघते, आणि विसराळू रुग्णाला तीच सोयीची असते. प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या ॲपवर किंमत पडताळता येते.

जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासून सुरू आहे. तेथील दर बाजारातील नामांकित कंपन्यांच्या तुलनेत साधारणपणे निम्मे किंवा त्याहून कमी असतात. जवळचे केंद्र आणि दर 'जनऔषधी सुगम' या ॲपवर दिसतात. परंतु हवे ते औषध दरवेळी शिल्लक असतेच असे नाही, म्हणून घरातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करावी. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडसाठी), फेनिटॉइन (फिट्ससाठी) आणि वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून) यांच्या बाबतीत मात्र काटकसर सावधपणे करावी. रक्तातील प्रमाणात थोडा फरक पडला तरी या औषधांचा परिणाम बदलतो, त्यामुळे दर महिन्याला स्वस्त मिळेल ती कंपनी घेऊ नये; कंपनी बदलायचीच असेल, तर डॉक्टरांना सांगून आणि ते सांगतील ती रक्ततपासणी करूनच बदलावी.

रुग्णालयात भरती असतानाही औषधे कोठून घ्यावीत हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलेला आहे.

बिल न घेता औषध घेऊ नये. छापील किमतीत सर्व कर आलेले असतात, तेव्हा त्यावर वेगळा जीएसटी लावणे चूक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा हा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आरोग्य विमा नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीच्या उपचारखर्चावर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण पैसे रोख दिलेले चालत नाहीत. छापील किमतीहून जास्त रक्कम घेतली गेल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिलाबरोबर पट्टीचा बॅच क्रमांक आणि किंमत असलेला भाग लागतो, म्हणून गोळ्या त्या टोकाकडून फोडू नयेत.